पोझ जमते, मधलं जमत नाही

प्रश्न : माझं वय 34, नणंदेचं 27. एका शिबिरात आम्ही दोघी अ‍ॅक्रोयोगा, म्हणजे जोडीनं करायचा कसरतींचा योग, शिकलो आणि आता दर रविवारी सकाळी हॉलमधलं टीपॉय हलवून सराव करतो. मी बेस, म्हणजे खाली झोपून उचलणारी; ती फ्लायर, म्हणजे वर तोललेली. तिनं शाळेत दोरीचा मल्लखांब केलाय, त्यामुळे उलटं व्हायची तिला अजिबात भीती नाही. फ्रंट बर्ड, म्हणजे माझ्या पायांवर ती पालथी, आडवी, आम्ही अर्धा मिनिट धरतो. फोल्डेड लीफमध्ये तर ती कमरेतून वाकून उलटी, निवांत लटकून गप्पा मारते. थ्रोनही, म्हणजे माझ्या तळव्यांवर ती बसते तो, जमतो. पण एकातून दुसऱ्यात जायला लागलो की सगळं कोसळतं. ती म्हणते, "वहिनी, तुझे पाय हलतात." मला वाटतं, ती मला फार आवळून धरते. माझं वजन 50 किलो, तिचं 57. मी हलकी आहे म्हणून हे होतंय का? सोसायटीच्या गणपतीत आम्ही एक वॉशिंग मशीन, म्हणजे पोझची फिरती साखळी, करून दाखवणार, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलंय आणि दोन महिने उरलेत. नवरा व्हिडिओ काढतो, पण ते बघून आणखी वाद होतात. नक्की सराव कशाचा करायचा? – एक वहिनी, ठाणे

उत्तर : वहिनी, आधी वजनाचा विषय बाजूला ठेवू. अर्धा मिनिट बर्ड धरणाऱ्या जोडीला ताकद कमी पडत नाही. अ‍ॅक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत स्थिर पोझ 3 सेकंद धरावी लागते, बस्स. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा 1974 मध्ये मॉस्कोत झाली, 1999 पासून तो आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाकडे आहे, आणि त्यांच्या काठिण्याच्या तक्त्यांमध्ये एका स्थिर पोझमधून दुसरीत जाण्याच्या हालचालीला स्वतःचं मोल असतं. म्हणजे तुम्हाला जे 'मधलं' वाटतं, तो तिथे खेळाचा मोजला जाणारा भाग आहे.

आता तुमच्या रविवारचा हिशेब करून बघा. समजा तासाभरात तुम्ही बर्डमधून लीफमध्ये पंधरा वेळा जायचा प्रयत्न करता. प्रत्येक वेळी तो बदल सेकंदा-दीड सेकंदात उरकतो किंवा फसतो. तासाच्या सरावात ट्रान्झिशनच्या, म्हणजे या मधल्या बदलाच्या, वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही! बाकी वेळ जातो जे येतंच आहे ते धरून ठेवण्यात आणि कुणाची चूक झाली हे ठरवण्यात. म्हणून पोझ धरायचा वेळ कमी करा आणि मधल्या वाटेवर जाऊन थांबा. खरंच थांबा, दोन श्वास होईपर्यंत. जिथे थांबता येत नाही, तिथे तुम्ही वेगाच्या भरवशावर पलीकडे जात असता, आणि वेग एखाद्या दिवशी साथ देतो, एखाद्या दिवशी देत नाही.

बर्डमधून लीफ हेच उदाहरण घेऊ, कारण दोन्ही पोझ तुमच्या हातात आहेत. तुम्ही पाठीवर झोपलेल्या, पाय सरळ वर, तळवे तिच्या कमरेच्या घडीत, हातात हात. इथून लीफपर्यंत चार वेगवेगळ्या गोष्टी घडतात, आणि माझा अंदाज असा की तुम्ही दोघी त्या एकाच दमात करता. पहिली गोष्ट, तिचं थोडं वजन तुमच्या हातांवर येतं. ते आल्यावरच दुसरी : तुम्ही पायाचे चवडे बाहेरच्या बाजूला फिरवता, म्हणजे ती वाकल्यावर तळवा घडीत नीट मावेल. तिसरी, तुमचे हात एकेक करून तिच्या तळहातांवरून खांद्यांवर जातात. चौथी, ती पाय दोन्ही बाजूंना उघडते आणि कमरेतून घडी घालून खाली येते. यातली कुठलीही दोन कामं एकत्र झाली, की एखाद्या क्षणी तिचं वजन कुणाच्याच ताब्यात नसतं. चवडे फिरत असताना ती वाकायला लागली तर टाचा घसरतात. तुमचे दोन्ही हात एकदम सुटले तर ती घाबरून काहीतरी पकडायला जाते, आणि पकडायला तुमचा चेहराच समोर असतो.

प्रत्येक कामानंतर थांबा आणि बेसनं, म्हणजे तुम्ही, पुढच्या कामाचं नाव घ्या. 'हात'. 'चवडे'. 'खांदे'. 'घडी'. एक-दोन-तीन मोजण्यापेक्षा हे बरं. आकडे मोजताना माणूस नकळत घाई करतो आणि तीन म्हणजे नक्की काय करायचं याची दोघींच्या डोक्यात वेगळी चित्रं असतात. सुरुवातीला हे सगळं फार रटाळ वाटेल, व्हिडिओत तर अगदीच कंटाळवाणं दिसेल. दिसू दे.

मग तेच उलट करा. लीफमधून बर्ड. हा रस्ता जास्त शिकवतो, कारण खाली येताना गुरुत्वाकर्षण अर्धं काम करून जातं आणि वर येताना ते विरुद्ध बाजूला असतं. तुम्ही कोपरं सरळ ठेवून तिचे खांदे वर ढकलायचे, तिनं पाठ ताठ करत छाती उचलायची, पाय जोडायचे, मग हातात हात, आणि अगदी शेवटी चवडे सरळ. बऱ्याच जोड्या इथे चवडे आधी फिरवतात; फ्लायर अजून अर्धवट वाकलेली असते आणि तिच्या जांघेत बोटं रुततात. तिला ते दुखतं, ती आक्रसते, तुमचे पाय हलतात. "वहिनी, तुझे पाय हलतात" या तक्रारीतला बराचसा भाग मला इथे दिसतो.

दुसरा भाग दोरीच्या मल्लखांबाचा. तुमच्या नणंदेला त्याचा फायदाच फायदा आहे. उलटं असताना डोकं शांत राहणं शिकायला इतरांना महिनोन्महिने लागतात. पण दोरीवर ती एकटी होती. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर धरायचा, तिढा घालायचा, आधीची पकड सुटण्याअगोदर दुसरी बसवायची, ओढायचं ते स्वतः. दोर स्वतःहून काही करत नाही. तुम्ही करता. तुम्ही खालून सतत बारीक दुरुस्त्या करत असता, टाचेनं थोडं पुढे, मनगटानं थोडं मागे, आणि नेमक्या त्याच वेळी ती स्वतःला सावरायला तुमचा हात ओढते. स्कूटरवर मागे बसलेल्या माणसानं वळणावर आपल्या मनानं उलट्या बाजूला झुकावं, तसं होतं ते. म्हणून जोडीच्या अ‍ॅक्रोबॅटिक्समध्ये साधारण रीत अशी की तोल बेस सांभाळणार, आणि फ्लायर आपला आकार घट्ट ठेवून तोलाची जबाबदारी खाली सोपवणार. ट्रान्झिशनमध्ये याला एक जोड लागते : एका वेळी एकीनंच हलायचं. 'चवडे' म्हटल्यावर तुम्ही हलणार, ती लाकडासारखी. 'घडी' म्हटल्यावर ती हलणार, तुमचे पाय जिथल्या तिथे. तिची पकडायची सवय "घट्ट धरू नकोस" म्हणून जाणार नाही. तिला बर्डमध्ये असताना बोटं उघडी ठेवायला सांगा, फक्त तळहाताला तळहात. बोटं मिटता येत नाहीत म्हटल्यावर ती ढकलायला शिकेल. तिचं पूर्वीचं शिक्षण मात्र अजिबात पुसू नका; आधीची पकड सुटण्याअगोदर दुसरी बसलेली पाहिजे, हा नियम इथेही लागू आहे आणि तो तिला तुमच्याआधी कळलेला आहे.

जमिनीवरचा सराव तुम्ही करत नसाल, असं धरून चालते. फारसं कुणीच करत नाही. तिला दिवाणाच्या काठावर पालथं झोपवा, काठ बरोबर कमरेच्या घडीत येईल असं. हात जमिनीवर टेकू द्या. तिथे तिला पाठीचा कणा गोल न करता नुसत्या कमरेतून वाकायचं आणि परत यायचं. लीफमध्ये पाठ गोल झाली की वजन डोक्याच्या दिशेला सरकतं आणि तुमचे पाय त्याच्या मागे जातात. तुम्ही तोवर पाठीवर झोपून पायांवर एखादी उशी ठेवा आणि ती न पाडता चवडे आत-बाहेर फिरवा, गुडघे सरळ. पाच मिनिटांत मांड्या बोलायला लागतील. दोघींनी एकदा भूमिका बदलूनही पाहा. पूर्ण ट्रान्झिशन जमायची गरज नाही. वर गेल्यावर खालचे हात सुटताना पोटात काय होतं, हे तुम्हाला एकदा कळलं की तुमचे हात आपोआप हळू सुटतील.

थ्रोनकडे मी थोडक्यात जाते, कारण तिथे प्रत्यक्ष शिकवणारं कुणी समोर असलेलं बरं. बर्डमधून थ्रोनमध्ये जाताना तुमचे तळवे तिच्या पोटाखालून निघून मांड्यांखाली जातात. एकेक पाय. एक पाय निघतो तेव्हा उरलेला पाय आणि दोन्ही हात यांच्यावर ती असते, आणि तुमचे गुडघे वाकलेले असतात. वजनाच्या फरकाचा प्रश्न खरा इथे येतो. पाय सरळ उभा असतो तेव्हा भार हाडांवरून जमिनीत उतरतो, तुमच्या 50 किलोला तिचे 57 फारसे जड नाहीत. गुडघा वाकला की तोच भार मांडीच्या स्नायूंवर येतो आणि जितका जास्त वाकेल तितका वाढतो. म्हणून सरळ पायांची ट्रान्झिशन्स आधी पक्की करा, वाकलेल्या गुडघ्यांची नंतर घ्या, आणि ती सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना. दमल्यावर नवीन काही करायचं नाही, यावर मी हट्टी आहे.

या सगळ्याच्याही आधी तुम्हाला एक गोष्ट यायला हवी, आणि पत्रात तिचा उल्लेखच नाही : उतरणं. चार कामांमधल्या प्रत्येक थांब्यावरून ती सुखरूप जमिनीवर कशी येणार? बर्डमधून उतरणं सोपं, हात धरलेले ठेवून गुडघे वाकवा, तिचे पाय टेकतील. पण चवडे फिरलेले आणि एक हात खांद्यावर, अशा अवस्थेतून? तिथे ठरलेलं असलं पाहिजे की परत मागे यायचं का पुढे लीफमध्ये जाऊन उतरायचं. स्पेनमधल्या कॅटलोनियात 'कास्तेल' नावाचे मानवी मनोरे रचतात, आपल्या दहीहंडीच्या थरांचे लांबचे भाऊ; 2010 मध्ये युनेस्कोनं त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथे मनोरा शेवटच्या पोरानं वर पोचून हात उंचावेपर्यंत रचला गेला आणि उतरताना कोसळला, तर त्याची नोंद वेगळी होते आणि मोल कमी धरतात. पूर्ण मान मिळतो तो रचून नीट उतरवलेल्या मनोऱ्याला. तुम्हीही वहीत टिकमार्क करत असाल तर तो ती जमिनीवर उभी राहिल्यावर करा.

त्यासाठी एक शब्द ठरवा. 'खाली' चालेल. दोघींपैकी कुणीही म्हटलं की त्या क्षणी उतरायचं. का, कशाला, आता तर जमत होतं, हे सगळं जमिनीवर आल्यावर. नणंद-भावजयीत हा नियम स्पष्ट बोलून ठेवलेला बरा. घरातलं मोठेपण-धाकटेपण मॅटवर चोरपावलांनी येतं आणि वहिनी थांबायला सांगायला संकोचते किंवा नणंद "अजून एकदाच ना" म्हणून लाडानं ताणते.

वादाचंही तसंच. प्रत्येक प्रयत्नानंतर दोघींनी एकेक वाक्य बोलायचं आणि ते स्वतःच्या शरीराबद्दल. "माझी डावी टाच निसटली." "मी खांदे आवळले." समोरचीनं काय केलं ते सांगायला बंदी. सुरुवातीला जीभ चावावी लागेल, पण दोन रविवारांत कळेल की दोघींच्या वाक्यांमध्ये एकच क्षण पुन्हा पुन्हा येतोय. तो सापडला की सरावाचा विषय सापडला.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांना व्हिडिओवरून मोकळं करा. फोन खिडकीत टेकवून ठेवा आणि माणसाला स्पॉटर म्हणून उभं करा. ट्रान्झिशनच्या सरावाला तिसरी व्यक्ती नसेल तर त्या दिवशी फक्त दिवाण आणि उशीचा सराव. त्यांनी तुमच्या बाजूला, तिच्या कुशीच्या रेषेत उभं राहायचं, गुडघे किंचित वाकलेले, एक हात तिच्या कमरेजवळ, दुसरा खांद्याजवळ, न टेकता. उचलायचं नाही, आधार द्यायचा नाही. पडलीच तर डोकं आणि मान आधी जमिनीला लागू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. बहिणीचं मनगट धरून ओढायचा मोह भावांना फार होतो, तो टाळायला सांगा. 'खाली' म्हणायचा अधिकार त्यांनाही आहे, आणि बाहेरून पाय कुठल्या बाजूला कलतोय ते त्यांनाच सगळ्यात आधी दिसतं. व्हिडिओ बघताना बघायची गोष्टही एकच ठेवा : तुमच्या टाचा कमरेच्या सरळ वर आहेत की डोक्याकडे सरकल्यात. बाकी चेहरे, केस, कुणाची साडीची कपाटं मागे दिसतात, ते नंतर.

जागेबद्दल थोडं. कापसाच्या गादीवर तुम्ही झोपू नका. कंबर रुतते आणि पायांचा पाया हलका होतो. तुमच्या खाली सतरंजी आणि योगा मॅट, गाद्या भोवतीनं, ती पडेल तिथे. पायात मोजे नकोत, अंगाला तेल किंवा लोशन नको. बांगड्या, मंगळसूत्र, कानातले काढून ठेवा, आणि जोडवीसुद्धा. जोडव्यांवरून घरात कुणी भुवया उंचावल्या तर नणंदेलाच पुढे करा. ती जोडवी तिच्याच पोटात रुततात. नणंदेला किंवा तुम्हाला रक्तदाबाचा, डोळ्यातल्या दाबाचा किंवा मानेचा त्रास असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर उलट्या पोझ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

उरला गणपती. वॉशिंग मशीन म्हणजे अशी साखळी की शेवटच्या पोझमधून पुन्हा पहिल्या पोझमध्ये यायचं आणि फेरा चालू ठेवायचा. दिसायला ती अखंड वाटते, म्हणून लोक ती अखंडच शिकायला बघतात, दर वेळी पहिल्यापासून सुरू करतात आणि तिसऱ्या कडीला अडकतात. परिणामी पहिली कडी पाठ होते आणि शेवटची कधी हाताशीच येत नाही. कधी ना कधी कराल तेव्हा शेवटची कडी आधी शिका, मग तिच्या आधीची तिला जोडा. पण दोन महिन्यांत, रविवारचे रविवार, तुमच्या आजच्या तयारीवर मी वॉशिंग मशीन स्टेजवर नेणार नाही. नणंदेनं सांगून टाकलंय, तर सांगू दे. सोसायटीत कुणाला वॉशिंग मशीन म्हणजे काय ते माहीत असण्याची शक्यता कमी. बर्ड, लीफ, परत बर्ड आणि जमलंच तर थ्रोन, एवढं सावकाश, न डगमगता करा. एकीनं दुसरीच्या पायांवर उलटं लटकून तसंच हळूहळू वर येणं, हे बघायला मंडपात पुरेसं आहे. आठवड्यातून एक दिवस पुरणार नाही, मध्ये बुधवारी वीस मिनिटं काढा, ती नुसती दिवाण आणि उशीची असली तरी चालतील.

आदल्या दिवशी स्टेजवर एकदा पूर्ण करून बघा. मंडपातल्या फळ्या मधे दबतात आणि वरचा गालिचा सरकतो. चारी कोपरे टेपनं चिकटवून घ्या किंवा गालिचा काढून तुमचीच सतरंजी टाका. नाचाचे चकचकीत सॅटिनचे कपडे नकोत, सुती लेगिंग्ज आणि अंगाला बसणारे टी-शर्ट. गाणं तुमच्या वेगावर लावा, गाण्याच्या वेगावर तुम्ही जाऊ नका. ठेका चुकला तरी चालेल असं संथ काहीतरी निवडा. यजमान स्टेजवर स्पॉटर म्हणून उभे राहतील, कुणी हसलं तरी. आणि 'चवडे', 'खांदे', 'घडी' हे तुम्ही तिथेही मोठ्यानं म्हणा, स्पीकरच्या आवाजात तिला ऐकू जायला हवं.